हुबळीचा दवाखाना आणि तिथवरची वाट

हुबळीच्या होसूर चौकातून धारवाडकडे निघालं की वीस-बावीस किलोमीटरच्या एकाच रस्त्यावर इतके दवाखाने लागतात की परगावच्या माणसाला वाटावं, या मुलखात आजारपणाची चिंता कुणाला नसणार. विद्यानगरला १९५७ साली सुरू झालेलं सरकारी मेडिकल कॉलेज आणि त्याचं हजारावर खाटांचं रुग्णालय आहे. कागदोपत्री नाव किम्स झालं, पुढं तेही बदललं, पण जुनी माणसं अजून केएमसीच म्हणतात. पुढं नवनगरात कर्करोगाची संस्था, सत्तूरला एसडीएमचं मेडिकल कॉलेज. धारवाडात जिल्हा रुग्णालय आणि १८४५ पासूनचं मनोरुग्णालय, आजचं डिमहान्स. शिवाय रेल्वेचं इस्पितळ, महापालिकेचं चिटगुप्पी, आणि खासगी नर्सिंग होम तर गल्लोगल्ली. २०१८ पासून या रस्त्यावर स्वतंत्र मार्गिकेतून चिगरी बस धावते आणि ती दवाखान्यांच्या दाराशी थांबते.

तरीही माणसं इथं उशिरा पोचतात. अपेंडिक्स फुटल्यावर, गरोदर बाईला झटके येऊ लागल्यावर, मधुमेह्याचा पाय काळा पडल्यावर. सरकारी रुग्णालयाच्या व्हरांड्यात सकाळी पाहावं. प्रत्येक कुटुंबाजवळ एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात रेशनकार्ड, आधार, तालुक्याच्या डॉक्टरनं लिहिलेली चिठ्ठी, दोन-तीन खासगी दवाखान्यांचे रिपोर्ट, गुंडाळून ठेवलेला एक्स-रे. या कागदांवरच्या तारखा क्रमानं लावल्या की दिसतं, दुखणं महिना-दीड महिन्यापूर्वीच सुरू झालेलं होतं. मधले दिवस डॉक्टर नाही म्हणून गेलेले नसतात. मजुरी बुडेल म्हणून, गाडी नाही म्हणून, कार्डावरचं नाव जुळत नाही म्हणून, घरी दुसऱ्या मुलाला कोण बघणार म्हणून गेलेले असतात.

हा आढावा त्या मधल्या दिवसांचा आहे. माझं म्हणणं एवढंच, की हुबळी-धारवाडच्या परिसरात गरिबाला उपचार मिळाला तो बहुतेक वेळा उपचारानंच त्याच्या दारापर्यंत वाट काढली म्हणून. आणि आपण पैसा मात्र अजून वाटेच्या शेवटच्या टोकाला ओततो आहोत.

याचा सर्वांत जुना दाखला प्लेगचा. १८९७ साली पुण्यात रँडच्या सोजिरांनी घरात घुसून तपासण्या केल्या आणि त्याचं काय झालं हे मराठी माणसाला सांगायला नको. पुढच्याच वर्षी प्लेग हुबळीत आला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्याचा जिल्हा, सदर्न मराठा रेल्वेचं मुख्य ठाणं धारवाडात आणि कारखाना हुबळीत. मुंबईत हाफकिन यांनी तयार केलेली लस नुकतीच हाती आली होती. ल्यूमन नावाच्या सरकारी डॉक्टरांच्या देखरेखीखाली हुबळीत पेठांतून, वस्त्यांतून, रेल्वेच्या कामगारांत हजारो लोकांना ती टोचली गेली. ज्यांनी टोचून घेतली आणि ज्यांनी घेतली नाही त्यांच्यातल्या मृत्यूंची तुलना पुढं जगभरच्या वैद्यकीय चर्चेत हुबळीच्या नावानं होत राहिली. इतिहासकारांना यात लसीची परिणामकारकता दिसते, आणि ती आहेच. मला त्याबरोबर लस वस्तीपर्यंत गेली हे दिसतं.

आता पाण्याकडे येऊ. दवाखान्यांच्या चर्चेत पाणी कशाला, असं कुणी विचारील. पण या जुळ्या शहरांत गरिबाचं आजारपण बऱ्याचदा नळातूनच येतं, आणि त्याचा जितका बारकाईनं अभ्यास इथं झालाय तितका देशात फार थोड्या शहरांचा झाला असेल.

शहराला पाणी दोन ठिकाणांहून मिळतं. सौंदत्तीजवळच्या मलप्रभेच्या जलाशयातून येणारं अमिनभावीला शुद्ध होतं, आणि कलघटगीच्या बाजूच्या नीरसागर तलावाचं कणवी होन्नापूरला. शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडतं तेव्हा पाणी चांगलंच असतं. मग ते नळात शिरतं आणि नळ पाच-सहा दिवस कोरडा पडून असतो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. जुन्या हुबळीत किंवा धारवाडच्या लक्ष्मीसिंगनकेरीसारख्या वस्तीत पाणी येण्याचा दिवस म्हणजे घरातल्या एका बाईचा कामाचा खाडा. पाणी पहाटे येईल की दुपारी, हे नक्की नसतं. पिंप, कळशा, प्लास्टिकचे ड्रम, शेजारणीकडून आणलेली बादली, सगळं भरून घ्यायचं. ज्याची मोटर त्याला जास्त पाणी, ज्याला मोटर नाही त्याच्या नळाला बारीक धार. आणि ड्रममधलं पाणी आठवडाभर वाटीनं, हातानं, मुलांच्या उष्ट्या ग्लासानं काढलं जातं.

नळ कोरडा असतो तेव्हा त्यातला दाब जातो आणि फुटक्या सांध्यांतून शेजारच्या गटाराचं पाणी आत शिरतं. पुन्हा पाणी सोडलं की पहिला लोट तेच घेऊन येतो. २००८ च्या सुमारास जागतिक बँकेच्या मदतीनं शहराच्या काही वॉर्डांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग सुरू झाला, आणि कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांना एकाच शहरात दोन्ही प्रकारचे नळ शेजारी-शेजारी सापडले. एमिली कम्पेल आणि कारा नेल्सन यांनी दोन्हीकडच्या नळांचे नमुने तपासले. काही दिवसांआड येणाऱ्या पाण्याच्या सुमारे ३२ टक्के नमुन्यांत ई. कोलाय हे विष्ठेतले जंतू सापडले, चोवीस तास वाहणाऱ्या नळात एक टक्क्याहूनही कमी. आयशे एर्जुमेन आणि सहकाऱ्यांनी १६ वॉर्डांतल्या जवळपास चार हजार घरांत वर्षभर फिरून आजारांची नोंद केली. त्यांचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले.

ते काळजीपूर्वक वाचण्यासारखे आहेत. लहान मुलांच्या साध्या जुलाबांत म्हणावा तसा फरक पडला नाही. पाणी सुधारलं तरी हात, माश्या, उघडी गटारं राहतातच. पण ज्या घरांना सतत पाणी होतं त्यांच्यात विषमज्वराचा रुग्ण असलेली घरं ४२ टक्क्यांनी कमी होती. आणि रक्ती आव, म्हणजे मुलाला थेट सलाइनपर्यंत नेणारा प्रकार, गरीब घरांतल्या मुलांत ३७ टक्क्यांनी कमी झाला. सुखवस्तू घरांत असा फरक दिसला नाही, बहुधा त्यांच्याकडे आधीच फिल्टर होता, मोठी टाकी होती म्हणून. म्हणजे त्या नळाचा फायदा नेमका गरिबाला झाला. विषमज्वराच्या एका दुखण्यात मजुराचे तीन आठवडे जातात, खासगी दवाखान्यातल्या सलाइनला उसनवारी होते, आणि यातलं बरंचसं आरोग्य योजनांच्या हिशेबात येत नाही.

प्रयोगातल्या त्या वॉर्डांचा दाखला देऊन संपूर्ण शहराला चोवीस तास पाणी देण्याचं काम २०२२ पासून एल अँड टी कंपनीकडे आलं. काम रेंगाळलं आहे, तक्रारी आहेत, आणि वर्षानुवर्षं पाणी सोडणारे जुने कामगार रस्त्यावर आले होते तेही खरं. पण मला त्याहून महत्त्वाचा प्रश्न वॉर्डांच्या क्रमाचा वाटतो. नवीन लेआउटांना आधी आणि जुन्या वस्त्यांना शेवटी, असं झालं तर वर सांगितलेला निष्कर्ष कुणी वाचलाच नाही असं म्हणावं लागेल.

आजार झालाच तर पुढं काय? १४ डिसेंबर २०२२ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी हुबळीच्या भैरीदेवरकोप्पातून राज्यभरच्या शंभरावर ‘नम्म क्लिनिक’ दवाखान्यांचं उद्घाटन केलं. शहरातल्या गरिबाला डॉक्टर, साध्या तपासण्या आणि औषधं घराजवळ फुकट मिळावीत हा हेतू चांगला होता, अजूनही आहे. पण सुरू झाले तेव्हा वेळ ठरली सकाळी ९ ते दुपारी ४:३०. अमरगोळच्या मार्केट यार्डातला हमाल, बांधकामावरचा गवंडी, चार घरी धुणीभांडी करणारी बाई, यांच्यापैकी कोण या वेळात मोकळं असतं? ते मोकळे होतात संध्याकाळी सहाला. तेव्हा उघडा असतो तो कोपऱ्यावरचा, पदवी असो-नसो, इंजेक्शन देणारा डॉक्टर. दीडशे-दोनशे रुपयांत सुई, तीन गोळ्या आणि उद्या कामावर जाता येण्याची हमी. लोक अडाणी आहेत म्हणून तिथं जातात असं म्हणणं सोपं आहे. त्यांचा हिशेब मात्र बरोबर असतो. दिवसाची मजुरी बुडवून फुकट मिळणारं औषध त्यांना या सुईपेक्षा महाग पडतं. वस्तीतल्या दवाखान्याची वेळ दुपारी बारा ते रात्री आठ करण्याला इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही, फक्त नोकरीच्या अटी बदलाव्या लागतात.

शहर सोडून पश्चिमेला निघालं की प्रश्न आणखी जड होतो. कलघटगी, अळणावर, हल्याळ, दांडेली आणि पुढं जोयडा. हा पट्टा मराठी वाचकाला जवळचा वाटावा, कारण इथं मराठा शेतकरी आहे, जोयड्यात कोकणी-मराठी बोलणारा कुणबी आहे, रानात वाडे करून राहणारा गवळी धनगर आहे आणि हल्याळ-यल्लापूरच्या जंगलकाठी सिद्दी आहेत. हल्याळ आणि जोयडा उत्तर कन्नड जिल्ह्यात, त्यामुळे त्यांचं जिल्ह्याचं ठिकाण कारवार. घाट उतरून शंभरावर किलोमीटर. धारवाड मात्र हल्याळपासून पस्तीसेक किलोमीटरवर. साहजिकच आजारी माणूस धारवाड-हुबळीची वाट धरतो. खाटा, डॉक्टर, औषधं मोजली जातात ती जिल्ह्याच्या लोकसंख्येवर, आणि रुग्ण येतात ते रस्त्यानं. विद्यानगरच्या रुग्णालयात एका खाटेवर दोघं का, याचं निम्मं उत्तर इथं आहे.

सरकारी निकष असा, की सपाटीवर ३० हजार आणि डोंगराळ-आदिवासी भागात २० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. कागदावर हे उदार वाटतं. पण जोयडा तालुक्याची लोकसंख्या सारी पन्नास हजारांच्या आसपास आणि जंगल अफाट, बरंचसं काळी व्याघ्र प्रकल्पाखाली. डोकी मोजून केंद्रं उभारली तर दोन केंद्रांमधलं अंतर माणसाला पावसाळ्यात चालता येत नाही. इथं अंतर मोजायला हवं, तेही पावसाळ्यातलं.

शेजारच्या खानापूर तालुक्यातलं आमगाव कर्नाटकातल्या सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी एक. भीमगड अभयारण्यात वसलेलं मराठी गाव. २०२४ च्या पावसाळ्यात छातीत दुखू लागलेल्या एका बाईला गावकऱ्यांनी लाकडांच्या तात्पुरत्या स्ट्रेचरवरून, ओढे ओलांडत, चिखलातून काही किलोमीटर खांद्यावर नेलं, तेव्हा कुठं ॲम्ब्युलन्सची गाठ पडली. त्यानंतर चर्चा झाली ती गावांच्या पुनर्वसनाची. अभयारण्यात पक्का रस्ता करायला वन खात्याची हरकत असते आणि ती सगळीच चुकीची नाही. पण पुनर्वसन होईल तेव्हा होईल. तोवर दर पावसाळ्याआधी आठव्या-नवव्या महिन्यातल्या गरोदर बायका आणि हृदयरोगी यांची यादी करून त्यांना रस्त्यालगतच्या गावी दोन महिने ठेवण्याची सोय करता येते. महाराष्ट्रात गडचिरोलीच्या काही भागांत ‘माहेरघर’ या नावानं असंच काहीसं केलं जातं. इथं ते का नसावं?

पूर्वेला नवलगुंद, कुंदगोळ, अण्णिगेरीची काळी माती. तिथं डोंगर नाही, पण बेण्णीहळ्ळ ओढ्याला पूर आला की गावं तुटतात, आणि शेतातल्या कच्च्या वाटेवर ओल्या काळ्या मातीत मोटरसायकलचं चाकही फिरत नाही. पेरणीच्या दिवसांत साप चावतो तो नेमका अशाच वेळी. कर्नाटकानं फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची केली, हे योग्यच झालं. पण प्रतिविष जवळच्या केंद्रात असणं, ते देण्याची भीती न बाळगणारा डॉक्टर तिथं रात्री असणं, आणि रुग्णाला तासाभरात तिथं पोचवणारी गाडी असणं, या तिन्ही गोष्टी एकदम जुळल्या तरच माणूस वाचतो.

बाळंतपणाचंही तसंच. कर्नाटकात आज ९७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी सांगते, आणि ते आशा कार्यकर्त्यांचं मोठं यश आहे. पण याच सर्वेक्षणात राज्यातल्या निम्म्याच्या आसपास स्त्रियांत रक्तक्षय दिसतो. रक्त कमी असलेल्या बाईचं सिझेरियन तालुक्याला करायचं तर स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि साठवलेलं रक्त, तिन्ही हवं. एक नसलं की चिठ्ठी येते, ‘हुबळीला न्या’. देशभरातल्या ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत २०२२ साली तज्ज्ञ डॉक्टरांची जवळपास ८० टक्के तूट होती. मग १०८ ॲम्ब्युलन्सची वाट. ही सेवा कर्नाटकात १ नोव्हेंबर २००८ ला सुरू झाली आणि तिनं असंख्य जीव वाचवले. सप्टेंबर २०२२ मध्ये तिची दूरध्वनी यंत्रणाच बंद पडली, तेव्हा मात्र या एका धाग्यावर किती काही लटकलं आहे ते राज्यभर दिसलं.

विमा योजनांबद्दल दोन्ही बाजूंनी टोकाचं बोललं जातं. इथला पुरावा त्याहून बारीक आहे. शेतकऱ्यांसाठी सहकाराच्या पायावर उभी राहिलेली ‘यशस्विनी’ २००३ मध्ये आली, २०१८ मध्ये दुसऱ्या योजनेत विरघळली आणि २०२३ मध्ये पुन्हा उभी राहिली. दरम्यान, २०१० मध्ये ‘वाजपेयी आरोग्यश्री’ राज्याच्या उत्तर भागात आधी सुरू झाली, दक्षिणेत नंतर. हद्दीच्या अल्याड-पल्याडच्या गावांची तुलना करणारा अभ्यास २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. योजनेत बसणाऱ्या आजारांनी, म्हणजे मुख्यतः हृदयरोग आणि कर्करोगानं, होणारे मृत्यू दारिद्र्यरेषेखालच्या घरांत योजना असलेल्या गावी ०.३२ टक्के, नसलेल्या गावी ०.९० टक्के. एवढा मोठा फरक विम्याच्या कार्डानं पडला का? योजनेची रचना पाहिली तर लक्षात येतं, की रुग्णालयांना गावोगावी शिबिरं घ्यावी लागत होती, रुग्ण तिथं हुडकले जात, आणि निवडलेल्यांना रुग्णालयापर्यंत नेण्याची सोय होती. पुन्हा तेच, उपचार गावात गेला.

२०१८ पासूनच्या ‘आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक’मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मोफत आहेत, वरच्यांना पॅकेजच्या ३० टक्के मदत. शस्त्रक्रियेचा खर्च आता खरोखरच पुष्कळांचा वाचतो. तातडीचा प्रसंग नसेल तर खासगी रुग्णालयात जायला सरकारी दवाखान्याची शिफारस लागते, तीही तत्त्वतः योग्य. पण शिफारशीसाठी एक फेरी, तपासणीसाठी दुसरी, तारखेसाठी तिसरी. प्रत्येक फेरीला दोन माणसांची मजुरी. बाह्यरुग्ण विभागातली औषधं, रक्तदाब-मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या, बरोबर आलेल्या माणसाचं जेवण आणि मुक्काम, हे योजनेत नाही. म्हणून मला जून २०२३ मध्ये आलेली ‘शक्ती’ योजना, बायकांना सरकारी बसचा मोफत प्रवास, ही आरोग्य योजनाही वाटते. कलघटगीच्या बाईला दुसऱ्यांदा दाखवायला जाण्यासाठी नवऱ्याकडे भाड्याचे पैसे मागावे लागत नाहीत, हे छोटं नाही.

सीमाभागातल्या माणसाला आणखी एक अडचण. जोयडा, खानापूर, कारवारच्या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा मोठा दवाखाना म्हणजे गोव्यातलं बांबोळी. जानेवारी २०१८ पासून तिथं गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क पडू लागलं. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ८६५ सीमा गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केली, कर्नाटक सरकारनं हरकत घेतली आणि प्रश्न राजकारणाचा झाला. तीन राज्यांच्या योजना असूनही हल्याळच्या रानातल्या गवळी कुटुंबाला त्यातली कुठली लागू, हे सांगणारा माणूस त्याला त्याच्या बोलीत भेटत नाही. जुळ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत कन्नडबरोबर मराठी, उर्दू, कोकणी जाणणारा एक-एक मदतनीस नोंदणीच्या खिडकीशी बसवला तर हा प्रश्न बराचसा तिथंच सुटेल. कुठलाही सीमावाद त्यासाठी मिटावा लागत नाही.

चांगलं चाललेलंही सांगायला हवं. धारवाडच्या मनोरुग्णालयात पूर्वी माणसं आणून सोडली जात, औषध बंद पडलं की पुन्हा आणली जात. आता ‘मनोचैतन्य’ कार्यक्रमात मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याच्या रुग्णालयात बसतो. वर्षानुवर्षं चालणारं औषध घ्यायला अख्खा दिवस आणि भाडं खर्चून धारवाडला यावं लागत नाही, म्हणून ते चुकत नाही. डायलिसिसही तालुक्यांपर्यंत पोचलं आहे. आठवड्यातून दोन-तीनदा हुबळीला येणारा रुग्ण पूर्वी काही महिन्यांत प्रवासापायीच थकून उपचार सोडायचा. आता निदान त्याचं यंत्र जवळ आहे.

पण डायलिसिसच्या चार तासांच्या एका बैठकीला सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध केलेलं पाणी लागतं, आणि मध्येच वीज गेली तर जनरेटर. कर्मचारी कंत्राटी, पगार थकल्याच्या तक्रारी राज्यभर वेळोवेळी आल्या आहेत. तालुक्याला यंत्र देताना त्याच मंजुरीत पाण्याची टाकी, जनरेटरचं डिझेल आणि तंत्रज्ञाचा नियमित पगार यांची तरतूद धरली जावी. विद्यानगरला पुढची नवी इमारत मंजूर करण्याआधी कलघटगी, नवलगुंद, कुंदगोळ आणि हल्याळ या चार ठिकाणी एकेक भूलतज्ज्ञ, रक्तसाठा आणि रात्रीचा डॉक्टर द्यावा. एवढं झालं तर विद्यानगरच्या जुन्या इमारतीतल्या कितीतरी खाटा रिकाम्या होतील.